बाराच्या आधीचं निळं

जवसाच्या पोत्याला सुईएवढं भोक पडलं की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. दाणे सांडत नाहीत, वाहतात! एक मूठ आवरायला जावं तर दोन मुठी निसटतात. आमच्या फार्मवरच्या किश्शांचं तेच आहे. एक सांगायला बसलो की मागचे सगळे सुटतात, आणि मग घरून फोन येतो, "जेवायले येता का तिथंच पेरणी करता?"

फार्म म्हणजे अमरावतीहून अकोल्याकडे येताना लागणारा, शेतीच्या प्रयोगांचा एक लहानसा तुकडा. नाव सांगत नाही, साहेब लोक वाचतात. तूर, हरभरा, कपाशी सगळ्यांसारखंच. पण आमची खासियत म्हणजे अर्ध्या एकराचा जवसाचा प्लॉट. माझं काम रजिस्टर लिहिण्याचं. पेरणी कधी झाली, पाणी कधी दिलं, फूल कधी लागलं. आणि प्लॉट सांभाळण्याचं काम तायडे काकांचं. काका इथे मजूर म्हणून लागले, मग मुकादम झाले, आणि जवसाच्या बांधावर उभ्या उभ्या त्यांचे केस पांढरे झाले.

*

चार-पाच वर्षांपूर्वी नवीन साहेब बदलून आले. पुण्याकडचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गोडाऊन दाखवा."

गोडाऊनमध्ये आदल्या दिवशीच जवसाची झाडलोट अर्धवट राहिली होती. जवसाचा दाणा फरशीवर पडला की त्याच्यावर उभं राहण्याची हिंमत आमच्याकडचं मांजरही करत नाही. काका दारातूनच म्हणाले, "साहेब, जपून. खाली जवस हाये."

साहेबांना ते आवडलं नाही. "जवस म्हणजे काय ते माहितीय मला. पीएचडी केलीय मी जवसावर!"

एवढं बोलून त्यांनी पाऊल टाकलं. पुढचे तीन फूट ते चालले नाहीत, गेले. आणि थेट पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले, तेही अगदी रुबाबात, जसं काही तिथंच बसायचं होतं.

कुणी हसेना. काकांनी हात देऊन त्यांना उठवलं आणि शांतपणे म्हणाले, "पीएचडी बरोबर हाये साहेब. बूट चुकले."

साहेब मोठ्याने हसले, तेव्हा आम्हाला कळलं की माणूस चांगला आहे. दुसऱ्या दिवसापासून ते गोडाऊनमध्ये अनवाणी यायला लागले.

*

तुम्ही जवसाचं फूल पाहिलंय का? चटणी सगळे खातात, फूल फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. पाच पाकळ्या, पतंगाच्या कागदाहून पातळ. सकाळी अंगावर ऊन आलं की आठच्या पुढे उघडतात, आणि बाराच्या आत गळून मोकळ्या होतात. उद्या त्याच झाडाला दुसरी फुलं. साडेआठला बांधावर उभं राहावं तर खाली माती दिसत नाही, पानं दिसत नाहीत. नुसतं निळं. वारा आला की ते सगळं एकदम हलतं, थांबतं, पुन्हा हलतं, आणि आपण कशासाठी आलो होतो तेच विसरायला होतं. मी कितीदा तरी हातात पेन घेऊन तसाच उभा राहिलोय. रजिस्टरमध्ये काय लिहायचं? "फूल भरपूर." एवढंच लिहायचो.

तर साहेबांची पीएचडी प्रयोगशाळेतली, जवसाच्या तेलावरची; उभ्या शेतातलं फूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यात ते अमरावतीहून अप-डाऊन करायचे. गाडी लेट, मग चहा, मग फायली. प्लॉटवर पोचायला साडेबारा. तीन दिवस त्यांनी हिरव्या काड्या पाहिल्या आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, "फुलोरा नाही. कारण शोधावे."

मग मला बोलावलं. "तुम्ही रोज 'फूल भरपूर' लिहिताय! कुठं आहेत फुलं?"

काका खिडकीबाहेर उभे होते. तिथूनच म्हणाले, "फूल रोज येते साहेब. थे ड्युटी करून घरी गेल्यावर तुमी येता!"

साहेब दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले. बांधावर दोन तास उभे होते, चहासुद्धा मागितला नाही. मग ऑफिसात येऊन रिपोर्टमधलं ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं.

*

आता मंदाकाकू. या तायडे काकांच्या घरच्या. शेजारच्या गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम त्यांच्याकडे. आठ वाजता शाळेत हजर, शिजवून-वाढून-भांडी घासून साडेबाराला मोकळ्या. तिथून पायी निघायच्या आणि एकच्या सुमाराला काकांचा डबा घेऊन आमच्या गेटवर. गेटच्या आत एक कडुलिंब आहे. त्याच्या आळ्याच्या कडेला बसायच्या, काकांचं जेवण होईपर्यंत. त्या डब्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी रोज. जवस भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटलेली. डबा उघडला की भाजक्या जवसाचा वास पार माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि माझा डबा मला बेचव लागायचा.

एकदा शहरातून एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. गावातल्या बायकांसाठी भाषण होतं, "जवस खा, निरोगी राहा." बाई तळमळीने बोलल्या. जवसात ओमेगा थ्री असतं, ते हृदयाला चांगलं, ते सांध्यांना चांगलं, रोज एक चमचा खाल्लंच पाहिजे.

काकू पहिल्या रांगेत होत्या. सगळं नीट ऐकून त्यांनी हात वर केला.

"मॅडम, आमी तं लहानपणापासून रोज खाऊन राह्यलो. पण हे तीन नंबरचं कावून? पह्यला अन् दुसरा कोनी नेला?"

बाईंना हसू आवरेना. जाताना त्या चटणीची बरणी मागून घेऊन गेल्या.

*

पण काका-काकूंचं खरं भांडण होतं फुलावरून.

काका दर हिवाळ्यात घरी सांगायचे, "मंदा, सकाळी प्लॉट कसा दिसते मालूम हाये? तळं भरल्यावानी. निळं तळं."

काकू म्हणायच्या, "तीस वर्षं झाले, मले तं हिरवंच दिसते."

खरंच होतं ते. त्या यायच्या तेव्हा फूल संपलेलं. सकाळी आठला त्यांची चूल पेटलेली. रविवारी फार्मला कुलूप. "येजो ना एखाद्या दिवशी," काका म्हणायचे. "पुढच्या साली पाहू," काकू म्हणायच्या. त्या पुढच्या सालाची तीस वर्षं झाली होती.

काका एरवी गप्पीदास, पण याबाबतीत त्यांना फार वाटायचं. एकदा बांधावर माझ्याजवळ बोलले, "सुनीलभाऊ, मी जल्मात एवढी एकच चीज अशी पाह्यली. अन् थे मी एकट्यानंच पाह्यली. घरच्या माणसाले दाखवता नाही आली, तं पाह्यल्यासारखी वाटत नाही." मी रजिस्टर उघडून तारीख लिहिली.

एकदा त्यांनी युक्ती केली. सकाळी नऊला फुलंच फुलं असलेल्या डहाळ्या तोडल्या, रिकाम्या डब्यात ठेवल्या, वर ओला रुमाल. संध्याकाळी घरी जाऊन मोठ्या थाटात झाकण उघडलं. आत काड्या, आणि बुडाशी चिकटलेलं काहीतरी ओलं, करड्या रंगाचं.

काकूंनी वाकून डब्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "घासाले टाका."

मग मी म्हटलं, काका, फोटो काढू. माझ्या मोबाईलवर झकास फोटो आला. निळंच निळं, मध्ये काका उभे. दुपारी काकू आल्यावर मी दाखवला.

काकूंनी फोटो पाहिला, मग काकांकडे पाहिलं, मग परत फोटो पाहिला.

"मोबाईलमंदी तं हेही गोरे दिसतात!" त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

*

एक किस्सा माझ्या फजितीचा आहे. नाही सांगितला तर बाकीचे सांगतील, आणि जास्त मीठ लावून सांगतील.

आमच्या स्टोअररूमचं कुलूप कुरकुरायचं. दिवाळीच्या आधी मला वाटलं, याला तेल द्यावं. समोरच जवसाच्या तेलाची बाटली होती. चांगलं अर्धा कप तेल त्या कुलपाला पाजलं. चावी लोण्यासारखी फिरायला लागली. मी स्वतःवर खूश.

पुढे तीन-चार आठवडे स्टोअर उघडायचं कामच पडलं नाही. उघडायला गेलो तर चावी आतच जाईना. तिकडे वैशाली मॅडमचा जीव टांगणीला, कारण त्यांचं सगळं सूत आत! वैशाली मॅडम म्हणजे आमच्याकडच्या संशोधक, अंजनगाव सुर्जीच्या. जवसाच्या काडीतून धागा काढायचं काम त्या करतात.

त्यांनी कुलूप हातात घेतलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "दादा, जवसाचं तेल लावलं? हे तेल वाळते ना! म्हणून तं लाकडाले लावतात, बॅटले लावतात. वाळून वरून काचेसारखं होते. कुलपात टाकलं म्हणजे तुम्ही आत गोंद भरला!"

काका मागे उभे होतेच. "मॅडम, रागावू नका. सुनीलभाऊनं सिक्युरिटी टाइट केली. चोर तं सोडा, आता आपल्यालेही चोरी करता येत नाही!"

हातोड्याने कुलूप तोडलं. बाटलीत उरलेलं तेल शिक्षा म्हणून माझ्याकडूनच स्टोअरच्या लाकडी दाराला लावून घेतलं. ते दार अजून चमकतं. दुपारचं ऊन त्याच्यावर आलं की मधासारखा रंग दिसतो. माझ्या हातून फार्मवर झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, आणि तेही चुकून झालं.

*

मॅडमचा धागा काढण्याचा प्रकार मात्र सोपा नव्हता. काड्या टाक्यात भिजत घालायच्या, आठ-दहा दिवसांनी साल सैल होते, मग वाळवायच्या, कुटायच्या, आणि आतून तो केसासारखा पिवळसर तंतू निघतो. ऐकायला छान वाटतं. पण त्या टाक्याचा वास! पाचव्या दिवशी गेटवरचा वॉचमन रजेवर गेला. सहाव्या दिवशी साहेबांनी मीटिंग अमरावतीला ठेवली. काकू तेवढ्या रोज आल्या, पदर नाकाला लावून. "मॅडम, यातून साडी निंगते म्हणता? नेसल्यावर बसमंदी शीट तं नक्की भेटते!"

शेवटी हातभर कापड तयार झालं. मातकट पांढरं, खरखरीत, पण गालाला लावलं की गार. बघायला शेतकऱ्यांची ट्रिप आली. त्यात तेल्हाऱ्याचे एक धोतर नेसलेले आजोबा होते. त्यांनी कापड उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाई, फूल तं निळं सांगता तुमी. मंग कापड निळं कावून नाही?"

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या कपाशीचं फूल पिवळं असते. मंग तुमचं धोतर पिवळं कावून नाही?"

आजोबांनी आपल्या धोतराकडे पाहिलं. "लेक, हे मले सत्तर वर्षांत कोनी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला.

काकांनी त्या दिवशी ते कापड हातात घेतलं. बोटं जड झालेली, भेगाळलेली. कापडाला भेग अडकेल म्हणून हाताची उलटी बाजू त्याच्यावर फिरवत होते.

*

मग मागच्या हिवाळ्यात एक कागद आला. जवसाचा प्लॉट यंदा शेवटचा. पुढच्या हंगामात तिथे नवीन गोडाऊन. साहेबांनी दोनदा वर लिहून पाहिलं, उपयोग झाला नाही. आणि त्याच जानेवारीत, महिनाअखेरीस, काकांची रिटायरमेंट.

काका वाचून म्हणाले, "चांगलं झालं. दोघाईले संगंच सुट्टी."

पण दोन दिवसांनी मला म्हणाले, "सुनीलभाऊ, आता पुढचं साल नाही ना." तेव्हा कळलं त्यांच्या मनात काय चाललंय ते. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, काकूंना कसंही करून एकदा सकाळी आणा.

आणलं. शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी एक दिवस चूल पेटवायचं कबूल केलं, पण सव्वानऊपर्यंतच. काकू सात वाजता बांधावर हजर, नवी शाल गुंडाळून. आम्ही सगळे आलो होतो. साहेबही पहिल्या गाडीने.

आणि त्या दिवशी धुकं पडलं! असलं धुकं की समोरचा कडुलिंब दिसेना. जवसाला ऊन लागतं, त्याशिवाय तो डोळा उघडत नाही. आठ झाले, साडेआठ झाले. सगळ्या कळ्या मिटून, थेंब घेऊन उभ्या. टोकाला जरासं निळं, गुंडाळलेलं. काका एकेका कळीकडे असे पाहत होते, जसं पाहुण्यांसमोर पोरगं कविता विसरलंय.

पावणेनऊला काकू उठल्या. "चला, शाळा वाट पाहाची नाही." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "तुमचं फूल पक्कं सरकारी हाये! लोकाईनं ताटकळावं अन् यानं आपल्या टायमावर यावं."

आम्ही हसलो. साहेब सगळ्यात जोरात हसले. काका हसले नाहीत. इतक्या वर्षांत काकूंच्या बोलण्यावर ते हसले नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. साडेदहाला धुकं उठलं आणि प्लॉट भरून फुलला.

*

आता शेवटचा. निरोप समारंभाच्या दिवसाचा.

काकू साडेबाराच्या आधी सुटत नाहीत, म्हणून कार्यक्रम एकला ठेवला होता. वैशाली मॅडमनी आदल्या दिवशी विचारलं, "काका, थोड्या भागावर शेडनेट बांधू का? सावलीत फूल जास्त वेळ टिकलं तर टिकलं."

"नको मॅडम," काका म्हणाले. "त्याले ऊन लागते. शेवटचं हाये, मोकळं उगडू द्या."

समारंभाच्या दिवशी मी सकाळी लवकर पोचलो तर पंप चालू! काका धोतर खोचून, फावडं घेऊन प्लॉटमध्ये. सरीसरीतून पाणी चाललंय.

"काका, परवाच तर पाणी दिलं ना? रजिस्टरला आहे."

"हाये ना."

"मग?"

"आज माह्या मनानं देऊ द्या."

आमच्या प्लॉटचं जास्तीचं पाणी नेहमी नाल्याकडे जातं. त्या दिवशी काकांनी नाल्याकडची वाट मातीने बुजवली आणि गेटच्या बाजूचा बांध फावड्याने फोडला. मी पाहिलं. विचारलं नाही.

ऊन आलं, फुलं उघडली. कधी नव्हती तेवढी. दहा वाजता बांधावर आम्ही सगळे नुसते उभे होतो. अकरा झाले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पहिल्या पाकळ्या सुटल्या. त्या पडताना आवाज होत नाही. साडेअकरा, पावणेबारा. पडतच होत्या. बाराला झाडं हिरवी झाली. काका मात्र फावडं घेऊन सरीसरीत फिरत होते, कुठे पाणी अडलं की ढेकूळ बाजूला करत होते.

एक वाजता काकू आल्या. नवीन साडी, केसात गजरा, आणि हातात डबा. साहेब शाल-नारळ घेऊन पुढे झाले. "वहिनी, आज जेवण आमच्याकडे! डबा कशाला?"

"समारंभ तुमचा. डबा माहा," काकू म्हणाल्या आणि सवयीने कडुलिंबाच्या आळ्याच्या कडेला जाऊन बसल्या.

पाणी तेव्हा नुकतंच तिथे पोचत होतं. आधी पाचोळा आला, फेस आला, दोन-चार काड्या आल्या. काकूंनी पाय जरा वर घेतले. मग त्याच्यामागून निळं आलं. पहिल्यांदा एकेक पाकळी, मग दाटीवाटीने, हळूहळू, अंगावर अंग टाकून. आळं मोठं आहे, चार माणसं बसतील एवढं. ते काठापर्यंत भरलं आणि सगळं निळं तिथे येऊन थांबलं. खालचं पाणी दिसेना. वारा आला की ते एकदम हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं.

माईकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं, ते बंद झालं. साहेब शाल धरून तसेच उभे. काका लांब, बांधावर, फावड्यावर दोन्ही हात ठेवून. जवळ आले नाहीत.

काकू किती वेळ बसून होत्या कुणास ठाऊक. मग त्यांनी काकांना हाताने खूण केली, या इकडे. काका आले, चिखलाचे पाय घेऊन. काकूंनी डबा उघडला. भाकर काकांच्या हातावर ठेवली, तिच्यावर पिठलं, कडेला जवसाची चटणी. मग डबा विसळला, पदराने कोरडा पुसला, वाकल्या, आणि जराही पाणी न हलवता अलगद ते निळं डब्यात घेतलं. काठोकाठ. झाकण लावलं, दोन्ही हातांनी डबा सरळ धरला आणि उठल्या.

"अवं, मी जेवू कशात?" काका म्हणाले.

"हातावर जेवा आज!" काकू म्हणाल्या. "डबा भरला हाये."